दापोडीची बाग, वडवळची टेकडी

थिओडोर कुक हे मुळात रेल्वेचे इंजिनिअर. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्यपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले. निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ या नावाने १९०१ पासून १९०८ पर्यंत त्याचे भाग छापून निघाले. महाराष्ट्रातला वनस्पतींचा अभ्यासक आजही एखादे अनोळखी झुडूप हातात घेतो तेव्हा या ग्रंथाची पाने उलटतोच. त्यात कोकण आहे, देश आहे, खानदेश, गुजरात, धारवाड-कारवार आहे, दूरचा सिंधसुद्धा आहे.

लातूर जिल्ह्यातले चाकूर नाही. नांदेड नाही, उदगीर नाही, अख्खा मराठवाडा नाही.

कारण राजकीय होते. बार्शीपर्यंत इंग्रजांचा अंमल होता, पलीकडे निजामाचा. कुक यांच्यासाठी नमुने गोळा करणारी माणसे इलाख्याच्या हद्दीत फिरत. बालाघाटाची रांग अहमदनगरकडून निघून बीड, धाराशिव, लातूरपर्यंत अखंड जाते. पश्चिमेकडच्या टोकावरचा धावडा ग्रंथात गेला आणि पूर्वेकडच्या टोकावरचा धावडा नोंदीवाचून राहिला. निजामाच्या राज्यातल्या जंगलांची वनस्पतिसूची ई. ए. पार्ट्रिज यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केली, तीही वनखात्याच्या गरजेतून. माळावरचे गवत, बांधावरचे कंद, पावसाळ्यात उगवून दिवाळीआधी वाळून जाणारी बारीक झुडपे यांच्याकडे निवांत पाहायला माणूस मिळाला नाही.

दोन्ही बाजूंमध्ये आणखी एक फरक होता, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. कुक यांच्या ग्रंथामागे पाऊणशे वर्षांच्या बागा उभ्या होत्या. झाड रानात एकदा पाहून त्याचे नाव ठरवता येते. ते कधी फुलते, कोणता किडा त्याच्यावर येतो, बी किती दिवस जिवंत राहते, दुष्काळात ते पाने टाकते की मूळ खोल नेते, हे समजायला तेच झाड वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असावे लागते. वनस्पती उद्यान त्यासाठी असते. फुलांचे ताटवे आणि कारंजी ही त्याची वरकड शोभा.

मराठी मुलखातली पहिली मोठी सरकारी वनस्पती बाग १८२८ साली पुण्याजवळ दापोडीला लागली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी कॅप्टन फोर्ड यांचा बंगला आणि भोवतालची जमीन सरकारसाठी घेतली आणि बंगल्यालगत बाग सुरू केली. उद्देश व्यापारी होता. परदेशातली उपयोगाची रोपे दख्खनच्या हवेत तगतात का, कोणती पिके शेतकऱ्याला देता येतील, कोणती औषधे विलायतेहून आणण्याऐवजी इथेच पिकवता येतील, याची चाचपणी इथे होई. सुरुवातीच्या वर्षांत चार्ल्स लश यांनी ती सांभाळली. १८३८ मध्ये ती अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली आणि तिचा नूर पालटला.

गिब्सन हे स्कॉटलंडचे, पेशाने शल्यवैद्य. बागेची जबाबदारी येण्यापूर्वी दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली होती. या कामाने त्यांना गावोगाव हिंडवले. पाटलाच्या ओट्यावर बसणे, रानातल्या वाटा तुडवणे, कोणते पान कशासाठी वापरतात हे विचारणे हे सगळे त्यात आपोआप घडले. जुन्नरच्या मुलखात हिवरे येथेही सरकारी बाग होती. तिथे सोनामुखी, खुरासानी ओवा अशा औषधी वनस्पती पिकवून त्यांचे अर्क सरकारी औषधभांडाराला पुरवले जात. आज औषधी शेतीच्या योजना निघतात तेव्हा हिवऱ्याचे नाव कुणी घेत नाही. वास्तविक या विषयातला महाराष्ट्रातला हा जुना, व्यवस्थित आखलेला प्रयोग आहे.

दापोडीत १८४७ ते १८५० या काळात एका हिंदुस्थानी चित्रकाराने बागेतल्या आणि भोवतालच्या रानातल्या वनस्पतींची चित्रे काढली. पानाची शीर, फुलाचा छेद, फळातले बी असे सगळे तपशील त्यात आहेत. ही चित्रे एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यामुळे दापोडीची बाग पुन्हा अभ्यासकांच्या नजरेत आली. चित्रकाराचे नाव मात्र कुठे लिहून ठेवलेले नाही. बागेच्या इतिहासातला हा मोठा अन्याय म्हटला पाहिजे. गिब्सन, त्यांचे सहकारी डालझेल, कुक ही नावे वनस्पतींच्या शास्त्रीय नावांना चिकटून अमर झाली. ज्या हातांनी ती झाडे वाढवली, वाळवली, रंगवली, ते हात निनावी राहिले.

गिब्सन यांची नजर बागेच्या कुंपणात मावणारी नव्हती. कोकणात आणि घाटात डोंगर उघडे पडत चालले होते. तोडलेल्या रानाखालचे झरे आटतात, नद्यांच्या मुखाशी गाळ साचतो, हे त्यांनी १८४० च्या दशकात सरकारला पुन्हा पुन्हा कळवले. जंगल आणि पाणी यांचे नाते सरकारी कागदावर इतक्या आग्रहाने मांडणारे ते इलाख्यातले पहिल्या काही अधिकाऱ्यांपैकी. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १८६० पर्यंत ते त्या पदावर राहिले. बागेच्या माणसाकडे जंगल सोपवले गेले, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वनखाते आले तशी डोंगरातल्या कुमरी, म्हणजे फिरत्या, शेतीवर बंधने आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्यांना आपल्याच रानात परवानगी मागावी लागली. झाडांचे ज्ञान आणि झाडांवरची सत्ता एकाच हाती गेली.

निकोल डालझेल हे गिब्सन यांचे सहकारी आणि नंतरचे वनसंरक्षक. दोघांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये निघाला. जंगलांचा हवापाण्यावर काय परिणाम होतो यावर डालझेल यांनी १८६३ मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पण मराठी माणसाने त्यांची आठवण ठेवावी ती एका छोट्या रोपासाठी. जुन्नरच्या परिसरातल्या कड्यांवर त्यांना एक मांसल खोडाची, जांभळट तांबड्या चांदणीसारख्या फुलाची वनस्पती सापडली. तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्यांनी तिचे नाव फ्रेरिया इंडिका ठेवले. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या उभ्या कातळात, मुठीएवढ्या मातीत ती जगते. पावसाळ्यात पाने धरते, फुलते. कोरडा काळ आला की पाने टाकून खोडातल्या पाण्यावर तग धरते. तिच्या जवळच्या कुळातल्या बहुतेक जातींनी पाने जवळजवळ सोडूनच दिली आहेत, हिने ती ठेवली. कोरड्या उष्ण प्रदेशातली वनस्पती ऋतूशी कसे जुळवून घेते याचे इतके सुबक उदाहरण दख्खनमध्ये दुसरे नसेल. पुढे ती जगातल्या अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणली गेली. कड्यावर लोंबकळून तिची निरीक्षणे रोज घेणे कुणालाही शक्य नव्हते. उद्यानातल्या कुंड्या आणि प्रयोगशाळेतल्या ऊतिसंवर्धनाच्या नळ्या यांनीच तिचे जीवनचक्र उलगडले आणि तिची रोपे पुन्हा तयार करता आली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रापलीकडे, जावा बेटावरच्या बोगोरच्या बागेत, उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींच्या अभ्यासाला नवे वळण मिळत होते. डच अमलात या गावाला बुइटेनझोर्ग म्हणत. बाग १८१७ ची. १८८० मध्ये मेल्कियोर ट्रॉयब तिथे संचालक म्हणून आले आणि त्यांनी परदेशी अभ्यासकांसाठी बागेतच प्रयोगशाळा उघडली. तोवर युरोपातला शास्त्रज्ञ वाळलेल्या, दाबलेल्या, हजारो मैल प्रवास करून आलेल्या पानांवरून उष्ण प्रदेशाबद्दल अंदाज बांधत असे. आता त्याला टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि खिडकीबाहेर जिवंत झाड, दोन्ही एका जागी मिळाले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ शिम्पर जावाला जाऊन राहिले. १८९८ मध्ये त्यांचा वनस्पतींच्या भूगोलावरचा ग्रंथ आला. पाऊस, उष्णता आणि माती यांच्यानुसार झाडाचे रूप कसे घडते, हे त्यांनी त्यात मांडले. उष्ण प्रदेशातल्या सदाहरित पर्जन्यवनाला आज जगभर जे नाव आहे तेही त्यांनीच रूढ केले. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींचे परिस्थितिविज्ञान उभे राहिले त्यात बोगोरच्या बागेतल्या त्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे.

या परंपरेशी मराठी मातीचा थेट धागा जोडला तो शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी. १८८४ मध्ये मालवणला जन्मलेले आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवडले गेले आणि १९१४ मध्ये पुढच्या अभ्यासासाठी जर्मनीला पोचले. पहिले महायुद्ध पेटले. इंग्रजांचा प्रजाजन म्हणून जर्मनीने त्यांना शत्रुपक्षाचा माणूस ठरवून काही काळ स्थानबद्ध केले. त्यातूनही त्यांनी काम सोडले नाही. बर्लिनच्या डाहलेम उद्यानाचे संचालक अॅडॉल्फ एंग्लर हे त्यांचे मार्गदर्शक. एंग्लर यांनी डाहलेमच्या बागेचा मोठा भाग भूगोलानुसार मांडला होता. जगातल्या त्या त्या प्रदेशातली झाडे तिथे एकमेकांच्या सोबतीने, जशी निसर्गात असतात तशी लावलेली होती. आघारकरांनी १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. विषय होता वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींचा. त्यांच्या बिया कशाने पसरतात, वाऱ्याने की जनावरांच्या अंगाला चिकटून, आणि या जाती मुळात आल्या कुठून, हा त्यांचा प्रश्न. रुईच्या म्हाताऱ्या उडताना आणि गोखरू पायात मोडताना पाहत वाढलेल्या मराठवाड्यातल्या पोरालाही हा प्रश्न लगेच कळेल.

१९४६ मध्ये कलकत्त्याहून निवृत्त होऊन आघारकर पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेच्या उभारणीत त्यांनी उरलेले आयुष्य घातले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले. याच संस्थेतल्या वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. १९७० च्या दशकात त्यांचे लेख आले आणि गावोगावच्या देवाच्या नावाने राखलेल्या रानांकडे शास्त्राने आदराने पाहायला सुरुवात केली. कुणी आखलेली नाही, पाटी लावलेली नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली अशी देवराई म्हणजे अभ्यासाचे आयते क्षेत्रच होते.

दापोडीची बाग तोवर इतिहासजमा झाली होती. १८६० च्या दशकात गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत गेला, आणि १८७३ मध्ये तिथे नवी वनस्पती बाग सुरू झाली. तिचे अधीक्षक मार्शल वुड्रो हे क्यूमध्ये तयार झालेले. ते सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि बागेत आंब्याच्या जाती जमवत. पुण्याच्या आंब्याने याच काळात एक लांबचा प्रवास केला. १८८९ मध्ये पुण्याहून मलगोबाची कलमे अमेरिकेच्या कृषी खात्याने मागवली आणि फ्लोरिडात लावली. १८९५ च्या कडाक्याच्या थंडीत ती जवळजवळ सगळी गेली. एक झाड वाचले आणि १८९८ मध्ये त्याला फळ धरले. फ्लोरिडाच्या दमट हवेत मलगोबा नियमित फळ देईना. पण त्याच्या कोयीतून कॅप्टन हेडन यांच्या बागेत उगवलेले रोप तिथल्या हवेला मानवले. आज अमेरिकेच्या बाजारात दिसणाऱ्या अनेक आंब्यांच्या वंशावळीत हेडन आहे. तेच बी दुसऱ्या मातीत, दुसऱ्या पावसात टाकले की काय होते, हा वनस्पती उद्यानांचा मूळ प्रश्न, आणि त्याचे इतके गोड उत्तर क्वचितच मिळाले असेल.

गणेशखिंडीतले आंब्याचे काम पुढे विल्यम बर्न्स आणि प्रयाग यांनी नेले. त्यांचे आंब्यावरचे पुस्तक कृषी खात्याने १९२१ च्या सुमारास काढले. बर्न्स यांचे दुसरे काम मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. कुलकर्णी आणि गोडबोले या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दख्खनच्या गवताळ माळांचा अभ्यास केला. चराई थांबवली की कोणते गवत आधी येते, कोणते मागून येते, गुरे सोडली की चांगले गवत हटून कुसळी कशी पसरते, हे त्यांनी तुकडे आखून, वर्षागणिक मोजून पाहिले. आंबा खाणाऱ्याला बर्न्स आठवतील, गुरे राखणाऱ्याला आठवायला हवेत. गणेशखिंडीची बाग आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. शहराने चारी बाजूंनी वेढलेल्या त्या ३३ हेक्टरांना हे कवच वेळेवर मिळाले.

वनस्पती उद्यानांनी उपकारच केले असे म्हणणे खरे होणार नाही. रंगीत फुलांची शोभा म्हणून घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या सरकारी बागेत आणली गेली. तिथून ती निसटली. पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या, आणि आज सह्याद्रीपासून बालाघाटापर्यंत तिच्या जाळ्या पसरल्या आहेत. तिच्याखाली गवत धरत नाही, गुरे तिला तोंड लावत नाहीत. परक्या झाडाला कुंपणाबाहेर पाठवण्याआधी ते स्थानिक झाडांशी कसे वागेल हे पाहण्याची शिस्त त्या काळी नव्हती. ती शिस्त अशाच चुकांनी शिकवली.

नोंदीचे मोल काय असते ते दुसऱ्या एका तणाने दाखवले. १९५५ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ पुण्यात पुन्हा सुरू झाले. त्याच्या आर. एस. राव यांनी पुढच्याच वर्षी पुण्यात आढळलेल्या एका परदेशी वनस्पतीची नोंद प्रसिद्ध केली. पार्थेनियम, म्हणजे आपले गाजरगवत. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने ते बांधावर, पडीक रानात, शाळेच्या पटांगणात उपटून उपटून हात खाजवून घेतले आहेत. ते आले कधी आणि पसरले किती वेगाने, हे सांगता येते ते कुणीतरी पहिल्या टप्प्यात तारीख आणि जागा लिहून ठेवली म्हणून. मराठवाड्यातल्या शेकडो वनस्पतींबाबत अशी तारीखच नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात आले. तेव्हाचा चाकूर परिसर त्यातच. औरंगाबादला १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि रानाकडे पाहणारी शिकलेली पिढी या मातीतून तयार होऊ लागली. त्या विद्यापीठातले प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांनी वर्षानुवर्षे पायपीट केली. त्यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ मध्ये आला. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये, त्यामुळे लातूरकडच्या रानाची पहिली नीट नोंद या ग्रंथात आहे. त्यानंतर १९९८ मध्ये ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे दोन खंड निघाले. कुक यांच्या ग्रंथाने जी जागा कोरी सोडली होती ती नव्वद वर्षांनी भरली. हे काम एका सरकारी मोहिमेच्या तोडीचे आहे, आणि मराठवाड्याबाहेर त्याची पुरेशी वाखाणणी झालेली नाही.

मराठवाड्यात बागांचा वारसा नव्हता असे नाही. औरंगाबादच्या दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग मोगल काळातली. आज ती परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. तिची जुनी झाडे, पाण्याची व्यवस्था, शहराच्या मधोमध उरलेले रान हे सारे अमोल आहे. पण त्या बागेचा मुख्य हेतू फळझाडे हाच राहिला. बालाघाटातल्या रानवनस्पतींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी बाग मराठवाड्याच्या वाट्याला आली नाही.

अशी बाग काय करू शकते ते कोल्हापुरात पाहायला मिळते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाला केंद्राच्या पर्यावरण खात्याने अग्रणी उद्यान म्हणून मदत दिली. तिथे श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियावर, ध्यान लावून काम केले. ही नाजूक वेल किंवा लहान रोपे सह्याद्रीच्या माथ्यांवर आणि उतारांवर पावसाळ्यात उगवतात. खाली कंद, वर नळीसारखे फूल. फुलाच्या तोंडातून बारीक माशी आत घसरते. आतले केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे तिला परत येता येत नाही. माशीच्या अंगाला पराग चिकटले, केस सुकून लोळले, की तिची सुटका होते आणि ती पुढच्या फुलाकडे जाते. कंद चविष्ट असल्यामुळे गुराखी पोरे ते उकरून खातात. त्यातच वणवा, चराई आणि किल्ल्यांवरची वर्दळ, आणि बऱ्याच जाती एकेका डोंगरापुरत्या उरल्या. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून या गटातल्या एका नव्या जातीला २००६ मध्ये नाव मिळाले, सेरोपेजिया अंजनेरिका. कोल्हापूरच्या बागेत या जाती बियांपासून आणि कंदांपासून वाढवल्या गेल्या, एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या गेल्या, आणि वाढवलेली रोपे पुन्हा डोंगरावर नेण्याचे प्रयत्न झाले. वनस्पती उद्यान म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला हे एकच काम दाखवावे.

आता चाकूर. तालुक्यात परळी-विकाराबाद लोहमार्गावर वडवळ नागनाथ हे गाव आहे. गावाजवळ एक टेकडी आहे, तिला लोक वनौषधींचे बेट किंवा संजीवनी बेट म्हणतात. भोवती काळ्या रानात सोयाबीन आणि तूर, आणि मधोमध ही झाडाझुडपांची उंची. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्याचे उत्तरा नक्षत्र लागले की इथे दूरदूरहून माणसे येतात. टेकडीवर चढतात, औषधी पाला खातात, कुणी मुक्कामही करते. या दिवसांत इथल्या वनस्पतींचा गुण उतरतो अशी श्रद्धा आहे.

वनस्पतिशास्त्राच्या बाजूने या प्रथेकडे पाहिले तर तिच्यात चांगले निरीक्षण दडलेले दिसते. बालाघाटातली बहुतेक औषधी झुडपे मृगाच्या पावसाने फुटतात, श्रावण-भाद्रपदात अंग धरतात आणि पाऊस सरता सरता फुला-फळावर येतात. शतावरी, कळलावी, पुनर्नवा, अनंतमूळ, भुईआवळी, काडेचिराईत यांसारख्या वनस्पती नुसत्या पाल्यावरून ओळखताना जाणकारही फसतो. फूल किंवा फळ हाती असले की ओळख पक्की होते. उत्तरा नक्षत्राचे पंधरा दिवस हा असा काळ आहे की तेव्हा जास्तीत जास्त जाती एकाच वेळी पूर्ण रूपात उभ्या असतात, आणि अजून ऑक्टोबरच्या उन्हाने होरपळलेल्या नसतात. टेकडीवर जाण्याचा मुहूर्त ज्याने कुणी ठरवला त्याने रानाचे वेळापत्रक डोळसपणे पाहिलेले होते. बोगोरला किंवा डाहलेमला जे वहीत लिहिले गेले ते इथे पंचांगात बसवले गेले.

पंचांग काळ सांगते, बदल सांगत नाही. गेल्या पन्नास वर्षांत या टेकडीवरची कोणती झुडपे कमी झाली, घाणेरीने किती जागा बळकावली, फुलण्याचा हंगाम पुढे सरकला की मागे आला, याचे उत्तर स्मरणावर सोडलेले आहे. आणि हा प्रदेश साधा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. अशा मुलखात कोणते झाड दोन दुष्काळ ओळीने सोसते, कोणते पहिल्याच दुष्काळात जाते, कोणाचे बी मातीत थांबून चांगल्या पावसाची वाट पाहते, हे ज्ञान औषधाइतकेच मोलाचे आहे. वृक्षारोपणाच्या दर मोसमात गिरिपुष्प आणि परदेशी शोभेची रोपे लावली जातात, कारण स्थानिक जातींचे बी कधी गोळा करायचे आणि ते कसे रुजवायचे हे रोपवाटिकेला ठाऊक नसते. ही माहिती वडवळच्या टेकडीवर उभी आहे.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. टेकडीवरच्या ठरावीक झाडांना आणि झुडपांना क्रमांक द्यावे. पहिली पालवी, पहिले फूल, पिकलेले फळ यांची तारीख दर आठवड्याला लिहावी, इंग्रजी तारखेसोबत नक्षत्रही लिहावे, म्हणजे गावातल्या जाणत्यांनाही ती वही वाचता येईल. पायथ्याशी ग्रामपंचायतीने आणि वनखात्याने मिळून रोपवाटिका करावी. यात्रेकरूंना पाला आणि रोपे तिथून द्यावीत, कंदमुळे उकरण्याची वेळ टेकडीवर येऊ देऊ नये. प्रत्येक जातीचा वाळवलेला नमुना स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जमा व्हावा. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत लातूर आणि चाकूर येतात, आणि त्याच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले याच गावांतली आहेत. दापोडीच्या चित्रकाराचे नाव हरवले तसे या मुलांचे हरवू नये. नोंद करणाऱ्याचे, झाड ओळखून देणाऱ्या वैदूचे, गुराख्याचे नाव नमुन्याच्या कागदावर लिहिले जावे.

चाकूर, अहमदपूर, उदगीरच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम येत्या उत्तरा नक्षत्रापासून हाती घ्यावे, आणि टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाने पाला खुडावा पण मूळ उपटू नये, एवढी विनंती आहे.